पाचव्या नंबरचा फलंदाज

सेंट गॉल,
९ सप्टेंबर

प्रिय लिअँडर,

पत्र लिहायला उशीर झाला, माफ कर. उशीर म्हणजे बारा वर्षं. मधल्या काळात तीनदा लिहायला बसलो होतो. एकदा चर्चमध्ये आईच्या वर्षाचा मिस्सा झाल्यानंतर, एकदा तुझ्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी, आणि एकदा नुसतंच. तिन्ही वेळा पहिल्या ओळीवर अडलो. या वेळी व्हेरीना म्हणाली, "पहिली ओळ राहू दे, दुसरीपासून सुरू कर." म्हणून उशिराचंच लिहिलं.

पत्ता बरोबर असावा. लेक थेक्ला गावी राहायला गेल्यावर तू आधी चर्चच्या मागे राहत होतास आणि मग तळ्याकाठी गेलास, एवढंच मला ऐकून माहीत. पोस्टातली बाई हसली. म्हणाली, "अकरा मैल तर आहे, ऑथमार. गाडीने नेऊन द्या, माझ्याआधी पोचाल." मी म्हटलं, टायरमध्ये हवा कमी आहे. टायर ठीक आहेत. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आम्ही बरे आहोत. माझं पित्त तसंच आहे. बदकं या वर्षी लवकर दक्षिणेला निघालीत, म्हणजे थंडी लवकर येणार आणि घर तापवायची तळघरातली भट्टी अजून कुणी येऊन पाहिलेली नाही.

आता कामाचं. बेसबॉल लीगचं पत्र आलंय. वर्षातला सर्वोत्तम मॅनेजर निवडायची बैठक शनिवारी, ८ नोव्हेंबरला, बुचर प्रेअरीच्या चर्चच्या हॉलमध्ये आहे. आमच्या गावाचं मत दरवर्षी सिल्व्हेस्टर द्यायचा, पण तो आता मुलीकडे राहायला गेला, म्हणून यंदा ते माझ्यावर आलंय. मी नको म्हटलं होतं. कुणी ऐकलं नाही. यादीत तीन नावं आहेत. आमचा ब्रेंडन श्लेपर, प्रेअरीचा कर्टिस, आणि तू.

आपल्याच गावाच्या मॅनेजरला मत देता येत नाही, तेव्हा ब्रेंडन बाद. उरलात तू आणि कर्टिस. मी याआधी एकदाच असं हात वर करून मत दिलं होतं आणि ते तुझ्या विरुद्ध होतं. त्याबद्दल आज लिहीत नाही.

आज विचारायचं आहे ते १७ ऑगस्टच्या फायनलचं. त्या दिवशी ब्रेंडनने मला सांगितलं होतं, फलंदाजीला पाचवा उटेक्ट, सहावा थीलन. आमची पोरं सामनाभर त्याच क्रमाने खेळायला गेली. पण मी फलंदाजीच्या क्रमाचं जे कार्ड लिहिलं, एक अंपायरला आणि एक तुला, त्यावर उलटं आहे. पाचवा थीलन, सहावा उटेक्ट. आणि कार्डावर असेल तोच क्रम खरा. शेवटच्या इनिंगमध्ये तुमचे चार रन होते, आमचे तीन. दोन आउट, दोन पोरं बेसवर, आणि उटेक्टने तो चेंडू मारला. दोघंही धावत होम प्लेटवर पोचले, आम्ही जिंकलो. कार्डाप्रमाणे तिथे थीलन यायला हवा होता. तू तेव्हाच अंपायरला कार्ड दाखवलं असतंस तर थीलन बाद, ते दोन रन रद्द आणि सामना तुमचा. अंपायर स्वतःहून बोलत नाही. सामन्याच्या नोंदींची वही लिहिणाऱ्याने, म्हणजे मी, तर तोंड उघडायचंच नाही. विरुद्ध बाजूच्या मॅनेजरनेच विचारायचं, तेही पोरं मैदानावरून उतरायच्या आत. हे तुला मी शिकवायला नको, पण लिहून काढलं की माझं डोकं ठिकाणावर राहतं.

मला हे घरी येऊन वही ताडून पाहताना कळलं.

तुझा वही लिहिणारा रोमन त्या दिवशी नातवाच्या लग्नाला गेला होता. वही तुझ्याच मांडीवर होती आणि कार्ड तुझ्या मागच्या खिशात. उटेक्टच्या फटक्यानंतर तू बाकावरून उठून दोन पावलं पुढे आलास. हात मागच्या खिशाकडे गेला. मग तू वर, मी वही लिहीत बसतो त्या खोलीकडे पाहिलंस, टोपी नीट केलीस आणि आमच्या पोरांशी हात मिळवायला गेलास. लोकांना वाटलं, होम प्लेटवरच्या निर्णयाबद्दल भांडायला निघाला होता.

तू काय विचारायला निघाला होतास, एवढंच कळव. मत देण्याआधी मला माहीत असायला हवं.

तुझा,
ऑथमार


सेंट गॉल,
५ ऑक्टोबर

प्रिय लिअँडर,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून मी दुसरं लिहिणार होतो, पण ते पोचलंय हे मला काल समजलं. समजलं कसं ते ऐक.

मी व्हेरीनाला म्हटलं, "पोस्टात काही घोटाळा झालाय."

ती कोबी चिरत होती. म्हणाली, "काही घोटाळा नाही. त्याने दोनदा वाचलं आणि बियाण्यांच्या कॅटलॉगमध्ये ठेवलंय."

"तुला कसं माहीत?"

"लुसिल म्हणाली."

"कुठली लुसिल?"

"तुझी भावजय लुसिल! आणखी कुठली? दर मंगळवारी बोलतो आम्ही."

"कधीपासून?"

"तुम्ही दोघांनी बोलायचं बंद केलंत त्याच आठवड्यापासून. कुणीतरी बोलायला हवं होतं की नको?"

बारा वर्षं, लिअँडर. एका छपराखाली. तुला माहीत होतं? मला वाटतं तुलाही नसावं. तुझा मधुमेह, तळ्यावरचा तुमचा नवा लाकडी धक्का, तुमच्या कुत्र्याचा पाय, सगळं तिला ठाऊक. मी एवढी वर्षं चर्चच्या पत्रकात तुझं नाव कुठे येतंय का ते शोधत होतो. मला राग यायला हवा होता. पण मी जाऊन तिच्याशेजारी बसलो आणि कुत्र्याबद्दल विचारलं. तासभर बसलो.

तू वाचतोयस म्हटल्यावर मागच्या पत्रातली एक गोष्ट दुरुस्त करायला हवी. घरी येऊन कळलं असं मी लिहिलं ते खोटं आहे. मला सातव्या इनिंगमध्ये कळलं. वही आणि कार्डाची प्रत शेजारी पडली होती आणि थीलनचं नाव दोन ठिकाणी दोन नंबरांवर दिसलं. ब्रेंडनला हळूच सांगून सुधारून घेता आलं असतं. पण नियम म्हणतो, वही लिहिणाऱ्याने गप्प बसायचं, आणि मी त्या नियमाच्या आड लपून बसलो. नियम इतका सोयीचा मला आयुष्यात कधी वाटला नव्हता. शेवटच्या इनिंगमध्ये तू वर पाहिलंस तेव्हा मी पेन्सिल शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकलो. पेन्सिल माझ्या हातातच होती.

दुसरं. ती चूक ब्रेंडनच्या अक्षराने झाली नाही. गावात मी तसं एक-दोघांना बोलायची तयारी करून ठेवली होती. अक्षर त्याचं बरं आहे. माझ्या डोळ्यांवर पडदा आलाय. डाव्याने धुकं दिसतं, उजवा अजून चालतो. गाडी मी जूनपासून बाहेर काढलेली नाही. व्हेरीनाला टायरचं सांगतो. डोळ्यांचं कळलं तर वही जाईल, आणि एक्केचाळीस उन्हाळे ती लिहिल्यावर ती गेली की रविवारी दुपारी मी करायचं काय ते मला माहीत नाही.

वेंडलिनचं एक सांगायचं राहिलं. आम्ही जिंकल्यावर राज्य स्पर्धेसाठी हरलेल्या संघांतले तीन पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, निवडायचे असतात, त्यात ब्रेंडनने तुझ्या संघाचा वेंडलिन घेतला. चांगला खेळला. जाताना गाडीत माझ्या शेजारी बसला होता. चोवीस वर्षांचा बाप्या, पहाटे साठ गाई पिळून आलेला, पण मान खाली.

"काका," मला म्हणाला, "उटेक्टला तो चेंडू मी आत टाकायला नको होता. लिअँडरकाकांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि मी सगळं घालवलं."

"असं होतं रे," मी म्हटलं.

"रोज दूध काढताना तोच चेंडू दिसतो."

मी त्याला खिडकीतून एक जुनं कोठार दाखवलं, काहीतरी बोलायचं म्हणून. तो बिचारा ते बघत बसला.

आणि बारा वर्षांपूर्वीच्या हाताबद्दल. आपल्या संघाचा मॅनेजर ठरवताना दोघं तुझ्या बाजूने होते, दोघं ब्रेंडनच्या. मी तुझ्या बाजूने हात वर केला असता तर लोक म्हणाले असते, भावासाठी केला. लोक काय म्हणतील याची मला भीती वाटली. ब्रेंडन चांगला मॅनेजर निघाला हे खरं, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मी त्याच्यासाठी हात वर केला नव्हता. एवढंच.

उत्तर दे. लुसिलकडून निरोप दिलास तरी तो मंगळवारी मला मिळेल, आता मला रस्ता कळलाय.

तुझा,
ऑथमार


सेंट गॉल,
२६ ऑक्टोबर

प्रिय लिअँडर,

पाकीट मिळालं. आत पत्र नव्हतं म्हणून मी ते तीनदा झटकलं, फाडून सपाट केलं आणि उजेडासमोर धरलं. मग कार्ड पाहिलं. माझंच अक्षर, घामाने थोडं पसरलेलं. थीलन आणि उटेक्टच्या नावांभोवती पेन्सिलीने काढलेला गोल, आणि बाजूला तुझ्या हाताने लिहिलेलं, "दुसरी इनिंग".

म्हणजे तुला दुसऱ्या इनिंगमध्येच दिसलं होतं. मला सातव्यात. तू सात इनिंग ते खिशात घेऊन बसलास.

आता मला सांग, हे मला पाठवलंस कशाला? व्हेरीनाला विचारायचं म्हणजे डोळ्यांचं सांगावं लागलं असतं. म्हणून मी तिला एवढंच म्हटलं की कार्ड लिहिताना माझी चूक झाली होती आणि लिअँडरने ते परत पाठवलंय.

ती म्हणाली, "भट्टीत टाक म्हणतोय तो."

"कशावरून?"

"त्याच्याकडे होता तो पुरावा तुझ्या हातात दिला. आणखी काय म्हणायला हवं त्याने? तुझ्यासारखी चार पानं लिहायला हवी होती?"

"की सगळ्यांना दाखव म्हणतोय?"

"तुला दाखवायचंय का?"

मी पित्ताची गोळी घेतली.

भट्टी अजून कुणी पाहून गेलेलं नाही, ती पेटवता येत नाही. म्हणून कार्ड मी वहीत ठेवलंय.

गावात तुमच्या तिघांवरून वाद पेटलेत. सकाळी कॉफीला जावं तर तेच. ब्रेंडनच्या नावाने टेबल आपटायला आमचे सगळे आहेतच, कारण आम्ही राज्य स्पर्धेत दोन सामने जिंकलो. परवा क्लीटस आला होता. या वर्षी बैठकीचा अध्यक्ष तोच आहे. खत विकायला गावोगाव हिंडतो, त्यामुळे त्याला सगळ्यांची मतं पाठ.

"कर्टिसने सर्वांत जास्त सामने जिंकले," तो म्हणाला, "पण अठरा धडधाकट पोरं बाकावर असली तर माझी म्हैससुद्धा जिंकेल."

"तुझ्याकडे म्हैस कुठे आहे?" कुणीतरी विचारलं.

"म्हणून तर मी मॅनेजर नाही. लिअँडरचं बघा. दहा माणसं. त्यातला एक बावन्न वर्षांचा, एकाचा गुडघा गेलेला, आणि दोघं गवत कापायचं असलं की येत नाहीत. गेल्या वर्षी तळाला होते. त्यांना घेऊन फायनलला आला! हा मॅनेजर."

"आणि फायनलला काय केलं?" आमचा कसाई म्हणाला. "पोराचा हात गळायला आला तरी नवव्या इनिंगला त्यालाच ठेवलं. वेंडलिनच्या जागी दुसरा आणला असता तर उटेक्टने तो मारलाच नसता. म्हातारा हट्टी आहे. इथे होता तेव्हाही हट्टीच होता. काय, ऑथमार?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी साखर ढवळत राहिलो. मी साखर घेत नाही, हे व्हेरीनाशिवाय कुणाला माहीत नाही.

लिअँडर, त्यांना वाटतं तू वेंडलिनला ठेवून हरलास. तू हरलाच नव्हतास. वेंडलिनला ठेवलंस ते बरोबर होतं, कारण उटेक्टने मारला तरी सामना तुझ्या खिशात होता. हे तिघांनाच माहीत आहे. तुला, मला आणि आता अर्धंमुर्धं व्हेरीनाला. मी बोललो नाही तर आठ गावं तुला हट्टी म्हातारा म्हणणार आणि तो पोरगा दूध काढताना रोज तोच चेंडू बघणार. बोललो तर वही जाणार, आमच्या पोरांच्या विजयावर माझ्या हाताचा डाग पडणार, आणि तू जे झाकायला निघालास ते मीच उघडं करणार.

तू नुसतं "जाळ" असं लिहून पाठव. एक शब्द. किंवा "बोल". मंगळवारपर्यंत वाट पाहतो.

तुझा,
ऑथमार


सेंट गॉल,
९ नोव्हेंबर

प्रिय लिअँडर,

मंगळवारी लुसिलचा फोन आला. व्हेरीनाने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तो म्हणतो, कार्ड ऑथमारचं आहे, त्याने लिहिलंय, त्याचं तो बघेल." धन्यवाद. यावर मी चार दिवस झोपलो नाही.

रोमनने तुला कालचं सांगितलं असेल. पण रोमनला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि मी त्याच्या डावीकडे उभा होतो, तेव्हा माझ्याकडून ऐक.

हॉलमध्ये आठ गावांचे आठ जण आणि बाहेर त्या मोठ्या कढईत रस्सा शिजत होता. कोंबडी, बैलाची शेपटी, कोबी, सगळं एकत्र, सकाळपासून. व्हेरीना वाढायला आली होती, म्हणजे मला घेऊन आली होती. प्रेअरीची वही लिहिणारी फिलोमिना टॉर्बर्ग कढईपाशी मला म्हणाली, "ऑथमार, मी लिअँडरला देणार आहे. तुझा भाऊ म्हणून तू कचरू नकोस. मी आहे, आणखी दोघं आहेत. तू हात वर केलास की झालं." मला एवढं बरं वाटलं की मी दुसऱ्यांदा रस्सा घेतला. पित्ताचा विचारही केला नाही.

तुला पद्धत माहीत आहे, हात वर करण्याआधी प्रत्येकाने उभं राहून आपल्या माणसाबद्दल बोलायचं. आमच्या कसायाचा मेव्हणा शेजारच्या गावाकडून आला होता. तो ब्रेंडनसाठी बोलला आणि शेवटी म्हणाला, "लिअँडरने वर्षभर कमाल केली, पण ज्या दिवशी डोकं वापरायचं त्या दिवशी झोपला. पोराचा बळी दिला."

तो बसला आणि माझी पाळी आली. मी घरून एक भाषण पाठ केलं होतं, दहा माणसं, पहिल्या बेसवरचा बावन्न वर्षांचा गडी, गवत कापणी. पहिलं वाक्य बोललो आणि पुढचं आठवेना. माझा हात वहीत गेला आणि कार्ड टेबलावर ठेवलं गेलं. मी ठेवलं असं म्हणायलाही मला धीर होत नाही. मग सगळं सांगितलं. उटेक्ट, थीलन, दुसरी इनिंग, सातवी इनिंग, टेबलाखालची पेन्सिल. डोळ्यांचंही सांगितलं, कारण क्लीटसने विचारलं, "पण एक्केचाळीस वर्षांत तुझी एक चूक नाही, ऑथमार. ही झाली कशी?"

दारात काहीतरी आदळलं. व्हेरीनाच्या हातातली पळी. "जूनपासून?" ती तिथूनच ओरडली. "आणि टायर, टायर म्हणून मी चारही टायर बदलून घेतले!"

सगळा हॉल हसला. मला वाटलं, चला, सुटलो.

कार्ड हातोहात फिरलं. क्लीटसने चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून पाहिलं. म्हणाला, "दुसऱ्या इनिंगला पाहिलं आणि गप्प बसला. पट्ठ्या! लवकर बोलला असता तर सेंट गॉलवाल्यांनी कार्ड सुधारून घेतलं असतं. त्याने ते नवव्या इनिंगसाठी राखून ठेवलं. याला म्हणतात मॅनेजर."

"आणि नवव्या इनिंगला?" फिलोमिना म्हणाली.

"नवव्या इनिंगला भाऊ दिसला," क्लीटस म्हणाला.

फिलोमिना उभी राहिली. ती बोलते तेव्हा कुणी चमचा वाजवत नाही. म्हणाली, "ऑथमार, तू खरं बोललास, त्याबद्दल तुझा मान आहे. तुझा भाऊ चांगला माणूस आहे, हे मला कालही माहीत होतं, आज जास्त माहीत आहे. पण तिथे दहा जणं उभी होती. गुडघा गेलेला, बावन्न वर्षांचा, तो वेंडलिन. सामना त्यांनी जिंकला होता. तो एकट्या लिअँडरचा नव्हता की त्याने उचलून भावाला द्यावा. आपण सर्वोत्तम भाऊ निवडायला आलोय का?"

याचं उत्तर तुला सुचलं तर लिही.

हात वर झाले. ब्रेंडनला चार, तुला तीन, कर्टिसला एक. ते एक रोमनचं, तुला देता येत नाही म्हणून त्याने रागाने दिलेलं. ब्रेंडनचं चौथं मत फिलोमिनाचं. मी तोंड बंद ठेवलं असतं तर ते तुझं होतं आणि बक्षिसाची फळीही तुझ्या भिंतीवर असती.

हे मी दुसऱ्यांदा केलं, लिअँडर. माझ्यामुळे तुझं गेलं. या वेळी माझा हात मात्र तुझ्या बाजूने वर होता, अगदी खांद्यापासून ताठ, आणि लोक काय म्हणतील ते मला सुचलंच नाही. तिथून निघताना मला रडू यायला हवं होतं, पण गाडीत मी व्हेरीनाला म्हटलं, भूक लागलीय. मला काय झालंय ते मलाच कळत नाही. रात्री न उठता सकाळपर्यंत झोपलो.

आज सकाळी मिस्सानंतर ब्रेंडन घरी आला. ती ओकची फळी काखेत होती, चेहरा मासा नासल्यासारखा. "मी ही घेऊ की नको?" म्हणाला. मी म्हटलं, मतं मोजली गेली, घे. राज्य स्पर्धेत दोन सामने तूच जिंकलेस. मग मी वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने ती परत सरकवली. "कार्ड पुढल्या वर्षी माझी बायको लिहील," म्हणाला. "वही तुम्हीच लिहा. डोळे करून घ्या आधी." व्हेरीनाने तोवर डॉक्टरांची तारीख घेतलीच होती. २ डिसेंबर, डावा आधी.

आणि दुपारी वेंडलिन आला. त्याला रोमनने सांगितलं होतं. मला वाटलं, हा आता तुझ्यावर चिडलेला असणार. फिलोमिनाचं म्हणणं त्याच्याच बाजूचं होतं ना. चिडलाच होता तो. "माझा सामना होता, काका!" असं म्हणून त्याने आमच्या स्वयंपाकघराला दोन चकरा मारल्या. "माझा! मी जिंकलो होतो!" दुसऱ्यांदा तेच म्हणताना मध्येच थांबला आणि हसायला लागला. "मी जिंकलो होतो," तिसऱ्यांदा म्हणाला, जरा हळू. व्हेरीनाने त्याला पाय दिला, म्हणजे सफरचंदाचा. तीन तुकडे खाल्ले. जाताना सांगून गेला की तुला जाऊन शिव्या देणार आहे आणि मग तुझं धक्क्याचं काम करून देणार आहे. एव्हाना पोचला असेल.

माझं सगळं सांगून झालं. भट्टी उद्या बघायला येणार आहेत. बर्फ अजून नाही.

आता तुझं सांग. तू फिलोमिनाला काय म्हणाला असतास? पोरांना काय सांगणार आहेस? माझ्यावर रागावला आहेस का? रागावला असशील तर रागाचं लिही, मला चालेल, व्हेरीना मोठ्याने वाचून दाखवेल आणि शिव्यांपाशी खोकेल. पण २ तारखेच्या आत लिहिलंस तर उजव्या डोळ्याने माझं मी वाचीन. रविवारी येत असलास तर मिस्सानंतर ये, अकरानंतर, व्हेरीना जेवायला बदकाचं करायचं म्हणतेय. यायचं नसेल तर तेही सांग, नाहीतर मी दिवसभर खिडकीपाशी उभा राहीन आणि ही मला बस, बस म्हणत राहील. लुसिलबरोबर निरोप नको. तुझ्या हाताने, दोन ओळी. लवकर पाठव रे.

तुझा भाऊ,
ऑथमार